आरसी रेस कारच्या चाकांचं बॅलन्सिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, इचलकरंजी, कागल, हुपरी भागातल्या आरसीवाल्यांकडून, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या शौकिनांकडून, चाकांच्या बॅलन्सिंगबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथं एका जागी मांडले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढं जरा अडचणीचे. बहुतेकांचा समज असा असतो की बॅलन्सिंग म्हणजे वजन चिकटवणं. खरं तर वजन हे शेवटचं काम आहे, आणि त्याआधीचं चाक तपासणं जास्त मोलाचं आहे. पुढची बरीच उत्तरं त्याच अंगानं दिली आहेत.

१. चाक बॅलन्स करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

रिम, टायर, टायरच्या आतला फोम आणि सुकलेला ग्लू मिळून चाक होतं. यातलं काहीच सगळ्या बाजूंनी सारखं जड नसतं. टायरच्या साच्याचा जोड असतो, फोमच्या पट्टीचा सांधा असतो, कुठंतरी ग्लूचा थेंब साचलेला असतो. एका बाजूला पाव-अर्धा ग्रॅम जास्त बसतो आणि चाक फिरायला लागलं की ती बाजू बाहेर ओढते. तिच्या बरोबर समोर वजन लावून ही ओढ मारायची, एवढंच बॅलन्सिंग.

२. भावा, एवढंसं चाक. अर्ध्या ग्रॅमनं असा काय फरक पडतोय?

हिशेब करून बघा. १/१० टूरिंग कारचं (खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, सपाट ट्रॅकवरची गाडी) चाक साधारण ६३ मिमी व्यासाचं, म्हणजे घेर जवळपास १९.८ सेंमी. ताशी ६० किमी म्हणजे मिनिटाला १००० मीटर. तेवढ्यात चाक ५००० पेक्षा जास्त फेरे घेतं, सेकंदाला ८४ च्या आसपास. रिमच्या आतल्या बाजूला, केंद्रापासून २४ मिमीवर १ ग्रॅम जास्त असेल तर या वेगाला त्याची ओढ जवळपास ६८० ग्रॅम वजनाएवढी होते. अर्धा ग्रॅम असेल तर ३४० ग्रॅम.

आता गाडीचं वजन धरा १३५० ग्रॅम. एका चाकावर येतात सुमारे ३४० ग्रॅम. म्हणजे अर्ध्या ग्रॅमची ओढ त्या कोपऱ्यावर असलेल्या भाराएवढीच झाली, आणि ती सेकंदाला ८४ वेळा दिशा बदलते. टायर आणि फोम त्यातली बरीचशी पचवतात, पण उरलेली थरथर बेअरिंग, अॅक्सल, सर्व्होचे दात आणि प्रत्येक स्क्रूपर्यंत पोचते. दर दोन बॅटऱ्यांनंतर तोच स्क्रू ढिला होत असेल, तर थ्रेडलॉकची (स्क्रू पक्का धरणाऱ्या ग्लूची) बाटली उघडण्याआधी चाक बघा.

वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. म्हणून अंगणात ताशी २० किमीनं फिरणाऱ्या गाडीला काही जाणवत नाही, आणि तीच गाडी लांब सरळ पट्ट्यावर थरथरायला लागते.

३. गाडी थरथरते, पण दोष चाकाचाच कशावरून?

गाडी स्टँडवर ठेवा. चारही चाकं काढा आणि पाव ते अर्धा थ्रॉटल द्या. शॉक टॉवरवर, म्हणजे शॉक जिथं वर बसतात त्या पट्टीवर, बोटांची टोकं हलकी टेकवा. तरीही थरथर असेल, तर चाकांचा संबंध नाही. पिनियन-स्पर (मोटरचं छोटं आणि त्याला लागलेलं मोठं गिअर) फार घट्ट बसलेत का, ड्राइव्ह शाफ्ट वाकलाय का, एखादं बेअरिंग खरखरतंय का ते बघा.

थरथर नसेल तर एकेक चाक चढवत जा. ज्या चाकानंतर बोटांना गुदगुल्या सुरू होतात, ते चाक बाजूला काढा. मात्र ते लगेच दोषी ठरवू नका. तेच चाक दुसऱ्या बाजूच्या अॅक्सलवर लावा. थरथर चाकाबरोबर गेली तर चाक. जुन्या जागीच राहिली तर अॅक्सल, हेक्स (अॅक्सलवरचा सहा कोनी तुकडा, ज्यावर रिम बसते) किंवा बेअरिंग. पुढचं प्रश्न १३ मध्ये आहे.

गाडी हवेत असताना फुल थ्रॉटल कधीच देऊ नका. जमिनीचा अटकाव नसल्यानं टायर फुग्यासारखा फुगतो आणि ग्लूची कड उसवते. शिवाय डिफरन्शियलमुळं एका बाजूचं चाक हातानं धरलं की समोरचं दुप्पट वेगानं फिरतं. तोंड चाकाच्या रेषेत ठेवू नका. लहान मुलं शेजारी उभी असतील तर आधी त्यांना मागं करा.

४. बॅलन्सर विकतच घ्यायचा, की इथं करून घेता येईल?

दोन्ही चालतं. आरसीसाठी तयार बॅलन्सर मिळतात. मॉडेल विमानाच्या पंख्याचे, म्हणजे प्रॉपेलरचे बॅलन्सरही चालतात, फक्त शाफ्टवर आपलं चाक नीट मध्यावर बसायला हवं.

पण कोल्हापुरात राहून लेथवाल्याकडं जायचं नाही, हे काही पटत नाही. शिवाजी उद्यमनगरात ग्राउंड रॉडचा तुकडा घेऊन त्यावर चाक बसेल असा शाफ्ट करून घ्या. टर्नरला दोनच गोष्टी ठासून सांगा: रॉड सरळ पाहिजे, आणि हेक्सची सीट शाफ्टच्या मध्याशी तंतोतंत पाहिजे. १/१० ला १२ मिमी हेक्स लागतो, १/८ ला १७ मिमी. स्वतःच्या गाडीचा सुटा हेक्स सोबत न्या, मोजमापाचा घोळ होणार नाही. शाफ्ट दोन टोकांना लहान बेअरिंगवर टेकवा. नव्या बेअरिंगमधलं ग्रीस हलकं चाक अडवतं, म्हणून बेअरिंग पेट्रोलमध्ये धुऊन कोरडी करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा जेमतेम एक थेंब द्या. धुण्याचं काम उघड्यावर आणि विस्तवापासून लांब करा.

बॅलन्सर कोणताही असो, आधी त्याचीच परीक्षा घ्या. चाक लावून जड बाजू शोधा. मग शाफ्ट तसाच ठेवून चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावा. जड बाजू चाकावरच्या त्याच जागी आली तर बॅलन्सर खरा. ती शाफ्टबरोबर राहिली तर शाफ्टच असमतोल आहे, त्यावर कितीही चाकं केली तरी सगळी चुकणार.

५. वजन कसलं वापरायचं? कुठं मिळेल?

मोटारगाड्यांच्या टायर दुकानात चिकटपट्टीची वजनं असतात, ५ आणि १० ग्रॅमच्या तुकड्यांची. आपल्याला ती फार मोठी, पण शिशाची असतील तर कटरनं पातळ काप निघतात. लोखंडी मिळाली तर घेऊ नका, कापताना वैताग येतो. शिशाला हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे, आणि कापलेला चुरा कागदात गोळा करून टाकायचा.

दुसरा पर्याय बॅलन्सिंग पुट्टीचा. ती मळून हवी तेवढी लावता येते, म्हणून अंदाज घ्यायला उत्तम.

वजनासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घ्या. गुजरीत सराफांकडं आणि हुपरीत चांदीच्या कामाला असे काटे रोज वापरात असतात, तेव्हा तो कुठून घ्यावा हे विचारायला लांब जायला नको. स्वयंपाकघरातला १-१ ग्रॅमनं सरकणारा काटा इथं कामाचा नाही.

६. प्रत्यक्ष बॅलन्स कसं करायचं? पहिल्यापासून सांगा.

चाक आधी धुऊन पूर्ण वाळवा. टायरच्या नक्षीतले खडे काढा, रिमच्या आतली सुकलेली माती खरवडा, जुनी वजनं आणि त्यांचा चिकट थर काढून टाका. मळक्या चाकाचं बॅलन्सिंग म्हणजे मातीचं बॅलन्सिंग.

चाक बॅलन्सरवर लावा आणि हलकेच सोडून द्या. ते झुलत झुलत थांबेल. खाली आलेल्या जागेवर खडूनं खूण करा. पुन्हा वेगळ्या ठिकाणाहून सोडा. तिसऱ्यांदाही सोडा. तिन्ही वेळा खूण खालीच आली, तर ती जड बाजू. दर वेळी वेगळी जागा खाली येत असेल, तर एकतर चाक आधीच चांगलं आहे किंवा बॅलन्सरची बेअरिंग अडतंय.

पुढचा टप्पा घाईत उरकू नका, कारण खरी अचूकता इथंच आहे. जड खूण बरोबर आडवी आणा, घड्याळात ३ वाजल्यावर काटा असतो तशी. समोर, ९ च्या जागी, रिमच्या आतल्या भिंतीला पुट्टीची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी दाबा आणि चाक सोडा. खूण खाली गेली तर पुट्टी वाढवा, वर गेली तर चिमटीनं थोडी काढा. चाक आडव्या खुणेवरच थांबलं, की खूण १२ ला, मग ६ ला, मग ९ ला नेऊन सोडून बघा. चारही ठिकाणी जिथं सोडलं तिथंच उभं राहिलं तर झालं.

आता पुट्टी काढून काट्यावर ठेवा. समजा ०.४२ ग्रॅम भरली. तेवढाच शिशाचा काप चिकटपट्टीसकट मोजून घ्या, पुट्टीच्या जागी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून वाळू द्या आणि काप दाबून बसवा. शेवटी पुन्हा एकदा बॅलन्सरवर बघा.

काप थोडा जड झाला तर परत कापत बसू नका. त्याचे दोन सारखे तुकडे करा आणि हलक्या बिंदूपासून एक डावीकडं, एक उजवीकडं सरकवत न्या. जितके लांब जातील तितका दोघांचा मिळून परिणाम कमी होतो. दोन्ही ६०-६० अंशांवर गेले की दोघांचं काम एकाच तुकड्याएवढं उरतं.

७. वजन रिमच्या स्पोकवर लावलं तर चालेल? लावायला सोपं जातं.

नको. चाक फिरताना वजन बाहेरच्या दिशेनं जातं. रिमच्या आतल्या गोल भिंतीवर असेल तर ते भिंतीवर आणखी दाबलं जातं. स्पोकवर असेल तर त्याच जोरानं घसरत सुटतं.

भिंतीवरही रुंदीच्या शक्य तितक्या मधोमध लावा. एका कडेला लावलं तर बॅलन्सरवर चाक शांत दिसेल, पण वेगात डावी-उजवीकडं डुलेल. साधा बॅलन्सर हा दोष दाखवतच नाही. टूरिंगच्या २६ मिमी रुंद चाकाला ते सहसा खपून जातं, १/८ च्या रुंद चाकाला नाही. तिथं वजन अर्धं आतल्या कडेला, अर्धं बाहेरच्या कडेला वाटा.

चाक गाडीवर चढवल्यावर हातानं फिरवा आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांना वळवून बघा. टूरिंगमध्ये नकल (अॅक्सल धरणारा, चाकाच्या आतला भाग) आणि रिममधली जागा फारच कमी असते, जाड काप तिथं घासतो.

८. एका चाकाला दोन-अडीच ग्रॅम लागतात. हे ठीक आहे का?

१/१० च्या चाकाला एवढं लागत असेल तर वजन लावू नका, कारण शोधा. माझ्या मते १ ग्रॅमच्या वर गेलं की संशय घ्यावा.

पहिला संशय फोमवर. टायर बोटांनी दाबत सगळा घेर फिरा. कुठं फोमची घडी पडलीय, सांधा एकावर एक चढलाय किंवा पोकळी राहिलीय हे बोटांना कळतं. मग ग्लू: रिमच्या खाचेत साचलेला जाड थर उजेडात चमकतो. मग रिम स्वतः: चाक फिरवून कडेजवळ पेन्सिलीचं टोक स्थिर धरा आणि फट कमी-जास्त होते का बघा. रिम डगमगत असेल तर कितीही शिसं लावा, उपयोग नाही. ते चाक सरावाला ठेवा.

घडी पडलेला फोम सरळ करायला टायर सोडवावा लागतो. रिम-टायर अॅसिटोनमध्ये ठेवून ग्लू सोडवतात, पण सगळ्या रिमचं प्लास्टिक ते सहन करत नाही. आधी जुन्या, तुटलेल्या रिमच्या तुकड्यावर करून बघा.

९. मग टायर चिकटवण्याआधी बॅलन्स करू की नंतर?

आधी जुळवा, नंतर बॅलन्स करा. नुसती रिम बॅलन्सरवर लावून जड बाजू खुणा. मग त्याच रिमवर फोम आणि टायर ग्लू न लावता चढवा आणि पुन्हा बघा. टायर रिमवर पाव-पाव फेरा सरकवत चारही ठिकाणी तपासा. एका ठिकाणी रिमची जड बाजू आणि टायरची जड बाजू समोरासमोर येते आणि ओढ सगळ्यात कमी होते. तिथं खूण करून चिकटवा. थोडा वेळ जातो, पण एरवी ग्रॅमभर लागणारं वजन बरंच कमी होतं. ग्लू पूर्ण सुकल्यावर मग प्रश्न ६ प्रमाणं अंतिम बॅलन्सिंग.

१०. आमच्या वर्कशॉपात फ्लायव्हील जड बाजूला भोकं पाडून बॅलन्स करतात. रिमचंही तसंच करू का?

शिरोली-गोकुळ शिरगावकडून हा प्रश्न हमखास येतो आणि विचार चुकीचा नाही. बिडाला ते जमतं, कारण बीड जड आहे. रिम प्लास्टिकची. २ मिमी जाडीत ३ मिमीचं भोक पाडलं तर जेमतेम ०.०१६ ग्रॅम प्लास्टिक निघतं. अर्धा ग्रॅम कमी करायला तीसहून जास्त भोकं लागतील. तोवर रिमच उरणार नाही, आणि पहिल्याच धडकेला भोकापासून तडा जाईल. रिमला वजन वाढवायचं, कमी करायचं नाही.

११. रबर नसलेल्या, पूर्ण फोमच्या टायरला काय करायचं?

आधी ट्रूइंग (घासून गोल करणं), मग बॅलन्सिंग. टायर ट्रूअरवर फोम घासून गोल केला की जड बाजू बदलते, त्यामुळं उलट क्रमानं केलेलं काम वाया जातं. पुन्हा ट्रू केलं की पुन्हा तपासा. फोमला सहसा फार कमी वजन लागतं.

१२. मी मातीत १/८ बग्गी चालवतो. मला याची गरज आहे का?

टूरिंगएवढी नाही. बग्गीचं चाक मोठं, सुमारे ११५ मिमी, त्यामुळं ताशी ६० ला मिनिटाला २८०० च्या आत फेरे होतात. १ ग्रॅमची ओढ ३४० ग्रॅमच्या आसपास भरते, आणि गाडी ३ किलोच्या पुढची. सैल मातीत ते लक्षातही येणार नाही. पण घट्ट, झाडलेल्या ट्रॅकवर आणि नायट्रो इंधनावरच्या गाड्यांच्या लांब फायनलमध्ये बॅलन्स केलेल्या चाकांवर गाडी शांत चालते आणि बेअरिंग जास्त टिकतात. नवा सेट चिकटवताना एकदा करून घ्या, दर रविवारी नको.

खरी डोकेदुखी चिखलाची. काळी माती ओली असताना रिमच्या आत लिंपली जाते आणि एका बाजूला सहज काही ग्रॅम बसते. जोतिबाकडची लाल माती त्यामानानं वाळून झडते. दोन हीटच्या (फेऱ्यांच्या) मध्ये रिमच्या आतून जुना टूथब्रश फिरवणं हे तुमचं बॅलन्सिंग.

१३. बॅलन्सरवर चाक एकदम बरोबर आहे, गाडीवर लावलं की थरथरतं. असं का?

कारण गाडीवर चाक वेगळ्या मध्यावर फिरतंय. झिजलेला प्लास्टिकचा हेक्स, वाकलेली क्रॉस पिन, हेक्स आणि रिममध्ये अडकलेला खडा, वाकलेला अॅक्सल किंवा ढिलं बेअरिंग यांतलं काहीतरी असतं. चाक काढून नुसता हेक्स फिरवून त्याची कड बघा. डायल गेज असेल तर उत्तम, नसेल तर प्रश्न ८ मधली पेन्सिल. चाकाचा नट पूर्ण आवळलाय ना हेही बघा. अॅल्युमिनियमचे हेक्स सगळ्यांनाच हवे असतात, पण अॅक्सल वाकलेला असताना ते घेऊन पैसे वाया जातात.

१४. पावसाळ्यात बॅलन्स केलेलं चाक दुसऱ्या दिवशी बिघडलेलं असतं.

इथं जून ते सप्टेंबर ओल्यात चालवणं टळत नाही. टायरच्या आत उघड्या पेशींचा फोम असेल तर तो स्पंजसारखा पाणी पितो. गाडी रात्रभर उभी राहिली की ते पाणी फोमच्या खालच्या भागात उतरतं, आणि सकाळी चाकाची एक बाजू कित्येक ग्रॅम जड झालेली असते. वजनं हलवू नका, चाकात दोष नाही.

उपाय असा: रिमची हवेची भोकं टेपनं बंद करा आणि टायरच्या नक्षीच्या मध्यावर समोरासमोर दोन बारीक भोकं पाडा. चाक फिरताना पाणी त्यातून बाहेर फेकलं जातं. घरी आल्यावर चाकं गाडीवरून काढून पंख्यासमोर आडवी ठेवा. हीटगननं तापवू नका, ग्लू आणि रिम दोन्ही खराब होतात. नवे टायर घेत असाल तर बंद पेशींचा फोम घ्या, तो पाणी फारसं धरत नाही.

१५. लावलेलं वजन उडून जातं.

चिकटवण्याआधी जागा पुसली नसेल, किंवा पुसून ओलीच असताना लावलं असेल. पावसाळी हवेत रिमवर नजरेला न दिसणारी ओल असते, म्हणून तेव्हा रिम आधी जरा कोमट होऊ द्या. उलट एप्रिल-मेमध्ये गाडी बंद कारच्या डिकीत राहिली तर चिकटपट्टी आणि पुट्टी दोन्ही मऊ पडतात. पुट्टी अंदाजासाठीच वापरा, आणि रेसच्या दिवशी कापावरून मजबूत टेपची एक पट्टी मारा.

१६. फॉर्म्युला कार आणि १/१२ पॅन कारची (सपाट पाट्यावर बांधलेली गाडी) पुढची चाकं हेक्सवर नसतात. ती कशी करायची?

त्या चाकांच्या आतच बेअरिंग असतात. बेअरिंग चाकातच ठेवा आणि त्यांच्या आतल्या भोकात घट्ट बसेल असा शाफ्ट बॅलन्सरवर वापरा. शाफ्ट बॅलन्सरच्या बेअरिंगवर फिरला पाहिजे, चाक शाफ्टवर नव्हे. नाहीतर ग्रीसमुळं चाक अडतं आणि जड बाजू खोटी दाखवतं.

१७. चारही चाकांचं वजन एकसारखं पाहिजे का?

बॅलन्सिंगसाठी नाही. पण डावं-उजवं जवळपास असलं तर चांगलं. नवीन टायर चार जोड एकदम घेतलेत तर काट्यावर मोजून सारखे जोडीला लावा.

१८. ड्रिफ्ट आणि क्रॉलरला?

ड्रिफ्टच्या कडक प्लास्टिक टायरला एकदा तपासणं पुरे. क्रॉलरला, म्हणजे दगडांवरून सावकाश चढणाऱ्या गाडीला, अजिबात नको. तिथं पकड मिळावी म्हणून रिममध्ये मुद्दाम वजन भरतात आणि गाडी चालण्याच्या वेगानं जाते.

१९. स्पीड रन करायचाय, ताशी १६० च्या पुढं. तीच पद्धत?

पद्धत तीच, पण सूट शून्य. ताशी ६० ला ६८० ग्रॅम ओढणारा तोच १ ग्रॅम १६० ला जवळपास ५ किलोनं ओढतो. चिकटपट्टीवर भरवसा ठेवू नका. वजन रिमच्या आतल्या भिंतीवर इपॉक्सीनं बसवा. साधे रबरी टायर या वेगाला फुगून फाटतात, आत पट्टा असलेले किंवा त्यासाठीच केलेले फोम टायर वापरा. दर रननंतर टायरची कड आणि वजन दोन्ही बघा. मोकळा, माणसं नसलेला रस्ता मिळाला नाही तर रन करू नका. सुटलेलं चाक कुठं जाईल हे तुमच्या हातात नसतं.

२०. रेसमध्ये वजन लावलेलं चालतं का?

साधारणपणे हरकत घेत नाहीत. पण आयोजकच टायर देतात अशा वर्गात चिकटवलेल्या टायरला भोक पाडणं किंवा फोम बदलणं मना असू शकतं, म्हणजे प्रश्न १४ मधला उपाय तिथं अडेल. नोंदणी करतानाच रेस डायरेक्टरना विचारून घ्या.

२१. एकदा केलं की पुन्हा कधी तपासायचं?

जोरात धडक बसली, वजन गळालं, टायरची एक बाजू जास्त झिजली किंवा चाक पाण्यातून गेलं, की लगेच. एरवी टायर अर्धा झिजल्यावर एकदा. बॅलन्सर टेबलावर मांडलेलाच असेल तर एका चाकाला मिनिटही लागत नाही: लावा, सोडा, कुठं थांबतंय बघा.